गाव सुटले, पाळ्यांची नोकरी आली. घरातली भक्ती लेकरांपर्यंत कशी न्यावी?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमचे मूळ गाव गंगाखेड तालुक्यात, संत जनाबाईंच्या मुलखात आहे आणि घर पिढ्यान्‌पिढ्यांचे माळकरी आहे. सध्या आम्ही छत्रपती संभाजीनगरला असतो. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर काम करतो, पत्नी शाळेत शिकवते. मुलगी आठवीत आहे आणि मुलगा चौथीत. घरात देवघर आहे, गळ्यात माळ आहे, एकादशी होते, आषाढीला आई दिंडीबरोबर पंढरपूरला जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर भाविक वाटेल, आणि ते तसे आहेही. तरीही आई गावाकडे गेली की घरातली भक्ती तिच्याबरोबरच गावाकडे जाते, हे आम्हा दोघांच्या लक्षात येऊ लागले आहे.

गावात लेकरांना भक्ती शिकवावी लागत नसे. कार्तिकात पहाटे मारुतीच्या देवळात काकडा सुरू झाला की थंडीत कुडकुडत का होईना, पोरे तिथे जाऊन बसत. अखंड हरिनाम सप्ताह लागला की घरोघरी जाऊन भाकरी गोळा करण्याची दुरडी आमच्याच डोक्यावर असे. कोणाच्या घरच्या भाकरी पातळ, कोणाच्या जाड, कोणत्या घरी यंदा पीक बुडाले आहे आणि तरी त्या माउलीने पाच भाकरी कशा दिल्या, हे सगळे त्या दुरडीमुळे आम्हाला कळे. वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते, म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला उभे राहायला मिळावे यासाठी आमच्यात चढाओढ चाले. काल्याच्या कीर्तनानंतर पंगतीत बुंदी वाढायला मिळणे हा तर मोठाच मान होता. हे सगळे गाव करून घेत होते. आईवडिलांनी वेगळे बसवून काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

शहरात गाव नाही. माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी हरिपाठाला बसायचे हा नियम टिकत नाही. मुलगी सध्या प्रत्येक गोष्टीचे कारण विचारते, आणि तिला उडवाउडवीचे उत्तर चालत नाही. मला तिच्यावर काही लादायचे नाही. पण आपल्या घराचा जो ठेवा आहे तो माझ्यापाशी येऊन संपावा, असेही वाटत नाही. ज्यांच्या घरी ही गोष्ट नीट रुजली आहे, मग तो धर्म आणि पंथ कोणताही असो, त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

टाळकरी

गोदाकाठ माउली, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच लिहून ठेवले आहे. दुरडी, वीणेचा पहारा, बुंदी वाढणे. तुमच्या आठवणीत राहिलेले सगळे काही काम आहे, उपदेश त्यात एकही नाही. गावाने लेकरांना ऐकायला कमी बसवले आणि कामाला जास्त लावले. शहरातल्या घरात नेमके उलटे होते: आई पूजा करते, वडील हरिपाठ म्हणतात आणि लेकराने शांत बसून ऐकावे एवढीच अपेक्षा असते. ज्या गोष्टीत आपल्याला काही करायचे नाही, तिच्यात लेकरू किती दिवस रमणार?

नामदेवरायांचे घर डोळ्यांसमोर आणा. त्यांचे कुळ हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे. परंपरेने त्यांच्या गाथेत आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र आणि घरात राबणाऱ्या जनाबाई, अशा सगळ्यांच्या नावाचे अभंग जपले आहेत. त्या घरात भक्ती करणारा एक आणि बाकीचे श्रोते अशी वाटणी नव्हती. राजाई आणि गोणाई यांच्या नावाचे अभंग वाचले तर त्यात संसाराकडे लक्ष नाही म्हणून नामदेवांवर केलेली तक्रारही आहे, देवाशी केलेले भांडणही आहे, आणि तरी ते अभंग गाथेत मानाने आहेत. तुमच्या मुलीच्या प्रश्नांना घरात तशी जागा असावी असे मला वाटते.

आता पाळीचे. सप्ताहातली वीणाही पाळ्यांवरच चालते, हे तुम्ही विसरू नका. एक पहारेकरी थकला की दुसरा उभा राहतो, आणि वीणा कोणाच्या हाती आहे यावरून सप्ताहाचे पावित्र्य कमीजास्त होत नाही. घरातला हरिपाठ तसा चालवा. ज्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या पाळीला असाल त्या आठवड्यात तो चालवण्याची जबाबदारी मुलीची. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही निघण्यापूर्वी मुलाने. घड्याळाशी बांधू नका, जेवणाशी बांधा. रात्रीचे ताट वाढण्यापूर्वी, मग ते साडेसात वाजता असो की साडेनऊ वाजता. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे 27 अभंग टाळावर म्हटले तर अर्धा तास सहज लागतो. रोज एवढा वेळ नसेल तर पाच अभंग घ्या, पण पाच घेतले तर ते पाठ असावेत आणि अर्थासह असावेत. एकादशीला मात्र पूर्ण म्हणा, त्या दिवशी घरात स्वयंपाकाची धावपळही कमी असते.

आमच्याकडे मुलाला फक्त पहिला अभंग उचलण्याचे काम दिले होते. चाल तो लावणार, आणि आम्ही मोठ्यांनी ती चाल कितीही उंच गेली तरी त्याच्या मागे जायचे. सुरुवातीला तो इतक्या वरच्या पट्टीत लावी की त्याच्या आजोबांचा श्वास पुरत नसे. तरी त्यांनी एकदाही त्याला थांबवून खाली आणले नाही. पुढे आवाज कुठे ठेवायचा हे त्याचे त्यालाच कळले. आज तो पुण्यात शिकायला आहे आणि वसतिगृहातल्या मुलांना घेऊन एकादशीला भजन करतो. त्याला तसे करायला आम्ही सांगितलेले नाही.

वीणेकरी बीड

वरील मताचा आदर ठेवून थोडे वेगळे सांगतो. कौतुक आणि मोकळीक यांवर घर चालत नाही. आमच्याकडे नियम आहे: संध्याकाळचा दिवा लागला की दूरदर्शन संच बंद, मोबाइल कपाटात, आणि हरिपाठ झाल्याशिवाय कोणी ताटावर बसत नाही. पाहुणे आले तरी हा नियम मोडत नाही, पाहुण्यांनाही टाळ देतो. लहानपणी आम्हालाही कंटाळा येत होता. आज तोच नियम मला आधार वाटतो, कारण वडील वारले त्या संध्याकाळी काय करावे हे कोणालाच सुचत नसताना आम्ही भावंडे सवयीने उठून दिवा लावून बसलो आणि हरिपाठ म्हणालो. मन लागेल तेव्हा करू असे म्हटले असते तर त्या दिवशी हाताशी काहीच राहिले नसते.

परभणीची शिक्षिका

वीणेकरी दादा, नियमाचे मोल तुम्ही सांगितले ते मनाला भिडले, आणि लहान वयात नियम हवाच याबद्दल माझे दुमत नाही. पण आठवीतल्या मुलीचा प्रश्न नियमाने सुटत नाही, हे रोज त्या वयाच्या मुलींमध्ये वावरत असल्यामुळे मी खात्रीने सांगू शकते. या वयात लेकरू घरातल्या श्रद्धेची परीक्षा घेते, आणि ती परीक्षा आपण रागावून बंद केली तर ते बाहेरून गप्प राहते व आतून दूर जाते.

पैठणच्या नाथ महाराजांच्या, म्हणजे संत एकनाथांच्या घरातही हे घडले होते, हे आपल्या भागातल्या पालकांनी मुद्दाम आठवावे. नाथांचा मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान होता. वडिलांनी प्राकृतात, म्हणजे लोकांच्या मराठीत पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे हे त्याला पटेना, म्हणून तो घर सोडून काशीला गेला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. नाथ स्वतः त्याला आणायला काशीला गेले. प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, अशा अटी मुलाने घातल्या आणि वडिलांनी त्या मान्य केल्या. ज्यांनी एकनाथी भागवत लिहिले, 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ज्यांच्या भारुडांनी गावोगावच्या माणसांना बोलते केले, त्या थोर पुरुषाने घरातल्या मुलासाठी आपले प्राकृतातले पुराण बंद ठेवले. पुढे एका वृद्ध बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प नाथांच्या एकट्याच्या जेवणाने पूर्ण झाला आणि मुलगा एक पत्रावळ उचलतो तो खाली दुसरी, असे हजार वेळा घडले, तेव्हा त्याचे मन पालटले, असे कथेत आहे. पत्रावळींच्या चमत्कारापेक्षा मला त्याआधीचा भाग फार मोठा वाटतो. बापाने वाद जिंकण्याची घाई केली नाही आणि मुलाला घरात परत आणले.

व्यवहारात काय करावे? मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि दोघांनी मिळून शोधावे. घरात ज्ञानेश्वरी असते, पण अर्थाची प्रत नसते. सार्थ प्रत घ्या. आठवड्यातून एक दिवस एक ओवी मुलीनेच निवडावी, तिला न पटणारी निवडली तरी चालेल. आणि तिने प्रश्न विचारला की "मोठी झालीस की कळेल" हे उत्तर घरातून कायमचे काढून टाकावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाळीप्रमाणे हरिपाठ चालवण्याची कल्पना पत्नीला फार आवडली. ताई, तुम्ही विचारण्याआधीच सांगतो: मुलीचा सध्याचा सर्वांत मोठा प्रश्न "महिन्यातून चार दिवस मी देवघरापाशी का जायचे नाही?" हा आहे. आजी एक सांगते, आम्ही दोघे दुसरे सांगतो, आणि तिला ते दिसते.

उमरगेकर ताई

हा प्रश्न आला हे फार बरे झाले, कारण घरातल्या धर्मसंस्कृतीबद्दल आपण बोलतो तेव्हा ती कोणाच्या कष्टावर उभी असते हे बहुधा राहून जाते.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. मराठवाड्यात या सणाएवढे घरातले दुसरे मोठे कार्य क्वचितच असेल. पुरणपोळी, आंबील, कटाची आमटी, सोळा भाज्या, वरच्या बाजूला टांगायचा फुलोरा, त्यासाठी आदल्या आठवड्यापासून तळलेल्या करंज्या, लाडू, सांजोऱ्या. आणि हे सगळे सोवळ्यात. मी सासरी आले तेव्हा जेवणाच्या दिवशी घरातल्या चार बायका पहाटे तीनला उठत आणि पुरुषांच्या दोन पंगती उठल्यावर, दुपार टळून गेल्यावर जेवायला बसत. तोवर पुरण गार झालेले असे आणि कोणाच्या अंगात हात उचलण्याचे त्राण उरलेले नसे. माझ्या मुलाने त्या सणातून काय शिकले असते? पाटावर बसायचे आणि वाढणाऱ्या हातांकडे न पाहता जेवायचे.

हे बदलायला वेळ लागला, पण बदलले. आता पुरण पुरणयंत्रातून काढण्याचे काम घरातल्या पुरुषांचे आहे. ते जड काम आहे आणि त्यांना ते चांगले जमते. सोळा भाज्या निवडायला आदल्या रात्री सगळे घर एकत्र बसते, आणि त्या बैठकीत सासूबाई महालक्ष्म्यांची कहाणी सांगतात. फुलोऱ्याच्या दोऱ्या मुले बांधतात. वाढायला पुरुष असतात आणि पहिल्या पंगतीत सवाष्णींबरोबर घरच्या बायकाही बसतात. सासूबाईंनी याला मनापासून होकार दिला, त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या वेळी कोणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं."

चार दिवसांच्या अडचणीबद्दल. संत सोयराबाईंनी त्या काळात आपल्या अभंगात विचारले आहे की विटाळ जर देहातच जन्मला आहे, तर त्यापासून सोवळा कोण राहिला? हा अभंग वारकरी परंपरेच्या आतला आहे, बाहेरून कोणी आणून दिलेला नाही. गोदाकाठ दादा, तो आजी, आई आणि मुलगी अशा तिघींनी एकत्र बसून वाचावा. आजीचा अपमान न करता घराची रीत बदलण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: ज्या मुलीला घरातला देव दर महिन्याला दूर सारतो, ती पुढे स्वतःच्या घरात देवघर मांडेल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

वीणेकरी बीड

ताई, हा अभंग मी अनेकदा भजनात म्हटला आहे, पण स्वतःच्या स्वयंपाकघरासमोर ठेवून त्याचा विचार केला नव्हता. आमच्याकडेही ही रीत आहे. घरी बोलतो.

नागसेनवन

धागाकर्त्यांनी सर्व पंथांना बोलावले आहे म्हणून लिहितो. आमचे घर बौद्ध आहे. बाबासाहेबांनी 1950 मध्ये या शहरात महाविद्यालय उभे केले, तिथे माझे काका शिकले आणि आमच्या घरात पुस्तके आली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे रोज थोडे वाचन घरी होते. वाचणारा रोज बदलतो आणि वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांपैकी सर्वांत लहान व्यक्तीने एक प्रश्न विचारायचा, ही आमची रीत आहे. प्रश्न नसेल तर वाचन पूर्ण झाले असे आम्ही मानत नाही.

पण मला सांगायचे आहे ते पंचशीलाबद्दल. मादक पदार्थांपासून दूर राहीन हे पाचवे शील आम्ही लहानपणी वडिलांसमोर म्हणत होतो आणि त्या काळात वडील दारू पीत होते. आई त्यांना काही बोलत नसे. रोज संध्याकाळी आम्हाला वंदनेला बसवताना त्यांच्यासाठीही शेजारी जागा ठेवी. ते कधी बसत, कधी उठून जात. एक दिवस धाकटी बहीण पाचव्या शीलापाशी थांबली आणि म्हणाली की हे बाबांनी आधी म्हणावे, मग मी म्हणेन. घरात फार वेळ कोणी बोलले नाही. दारू त्या दिवशी सुटली नाही. पुढे बऱ्याच धडपडीने, दवाखान्याच्या उपचारांनी सुटली. तरी वडील आजही सांगतात की सुरुवात त्या संध्याकाळी झाली. लेकरांकडून जे म्हणून घेतो ते आपण पाळतो का, हे लेकरे रोज तपासत असतात. ज्या घरात मोठ्या माणसांना हा प्रश्न विचारता येतो, त्या घरातला धम्म लेकरांना खरा वाटतो.

बालेपीर रोड

मी बीडचा आहे आणि आमचे घर मुस्लिम आहे. नागसेनवन भाऊंनी जे लिहिले त्याला जोडून एक अनुभव सांगतो. रमजानमध्ये रोजा, रात्रीची तरावीहची नमाज, शेजाऱ्यांकडे पाठवायची इफ्तारीची ताटे हे सगळे मुले पाहतातच. माझ्या वडिलांनी आम्हाला यापुढे नेले ते जकातीच्या हिशेबाने. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन तोळे चांदी यांच्या किमतीइतकी बचत वर्षभर राहिली असेल तर तिच्यावर अडीच टक्के जकात देणे बंधनकारक आहे. वडील दरवर्षी एका संध्याकाळी चटईवर बसून वही उघडत, आईचे दागिने तराजूवर ठेवत, दुकानातला माल मोजत आणि आकडे आम्हा भावंडांना मांडायला लावत. एक लाखावर अडीच हजार. मी सातवीत असताना घरात पैशांची फार ओढाताण होती. मी म्हटले की यंदा आईच्या पाटल्या धरू नका. वडील म्हणाले की हा पैसा आपला नाहीच, तो दुसऱ्याचा आपल्याकडे ठेवलेला आहे, आता फक्त परत करायचा आहे.

आज माझी मुले तोच हिशेब मांडतात. कोणत्या नातेवाइकाला, कोणत्या विधवेला किती पोहोचवायचे हेही त्यांच्यासमोर ठरते आणि ते नाव घराबाहेर जाणार नाही, हे त्यांच्याकडून वचन घेतलेले असते. घरातला पैसा देवाच्या नावाने कुठे जातो हे लेकरांना माहीत असावे, एवढे मला सुचवायचे आहे.

मांजराकाठ

बीडकर भाऊंनी फार मोलाचे लिहिले. आम्ही लातूरचे लिंगायत. आमच्याकडे इष्टलिंगाची पूजा प्रत्येकाने आपल्या तळहातावर, आपली आपण करायची असते, त्यामुळे घरातल्या लेकराला दीक्षेनंतर स्वतःची पूजा मिळते. महात्मा बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही जोडी दिली आहे: कष्ट करून मिळवायचे आणि त्यातले समाजाला द्यायचे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा आमच्या आजोबांनी पूजेचे पाणी तांब्यावरून वाटीवर आणले आणि गल्लीत ज्या घरी म्हातारी माणसे एकटी होती त्यांच्या घागरी भरून आणण्याचे काम आम्हा नातवंडांना लावले. दासोहावरची प्रवचने मी पुढे खूप ऐकली. पण मला तो समजला त्या टँकरच्या रांगेत.

गोदाकाठ दादा, तुम्ही गाव सुटल्याचे लिहिले आहे. पूर्ण सोडू नका. आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शहरात नोकरी करणारे सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, बाजरीचे उंडे, भज्जी, खीर, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि ज्याला शेत नाही त्याला आग्रहाने आपल्या शेतात जेवायला बोलवायचे. त्या दिवशी जात आणि धर्म कोणी विचारत नाही. आंबिलाची बिंदगी, म्हणजे लहान घागर डोक्यावर घेऊन जाण्याचा मान घरातल्या लेकराला द्यावा. माझी मुलगी वर्षभर शहरात असते, पण यंदा बिंदगी कोणाकडे हे ती दोन महिने आधी विचारते. तुमच्या भागात सप्ताह आहे; वर्षातून ते सात दिवस नाही जमले तरी दोन दिवस मुलांना घेऊन जा आणि त्यांच्या डोक्यावर ती दुरडी द्या.

उमरगेकर ताई

खर्चाबद्दल एक शब्द, कारण तो कोणी लिहिलेला नाही. आमच्या भागात मोठा पारायण सोहळा, मोठी पंगत, मोठा मंडप यांसाठी माणसे व्याजाने पैसे काढतात, आणि पाऊस पडला नाही की ते कर्ज घरातल्या बाईच्या दागिन्यांवर येते. देवाच्या नावाने कर्ज काढायचे नाही, हा नियमही घरातल्या संस्कृतीत लिहून ठेवावा.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल रविवारी आम्ही चौघे आणि गावाहून आलेली आई असे एकत्र बसलो आणि हा पूर्ण धागा मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. सोयराबाईंच्या अभंगाचा भाग आला तेव्हा आईने तिला थांबवून पुन्हा वाचायला सांगितला. नंतर आई म्हणाली की जनाबाईच्या गावाकडचे आपण, जी दळताकांडताना देवाला हाक मारत होती ती काय सोवळे नेसून दळत होती? देवघराचा प्रश्न तिथेच सुटला, आणि तो सोडवण्याचे श्रेय पूर्णपणे आईचे आहे.

ठरले ते असे. जेवणापूर्वी हरिपाठाचे पाच अभंग, चालवणारा पाळीप्रमाणे बदलेल, एकादशीला पूर्ण. शनिवारी रात्री मुलीने निवडलेली ज्ञानेश्वरीतली एक ओवी, सार्थ प्रत कालच आणली. महिन्याच्या पगारातला ठरावीक भाग कोणाला द्यायचा ते चौघांनी मिळून ठरवायचे. या महिन्यात आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याच्या मुलाची वह्यापुस्तके घ्यावीत असे मुलाने सुचवले आणि सगळ्यांना ते पटले. नाथषष्ठीला पैठणला जायचे, आणि गावच्या सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवसापासून मुक्कामाला. मुलगा पखवाज शिकायचा म्हणतो आहे. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, भिंती पातळ आहेत आणि शेजारी लहान बाळ आहे. टाळकरी माउली, यावर काय करावे?

टाळकरी

माउली, वाचून फार आनंद झाला. आईंना माझा दंडवत सांगा.

पखवाजाची घाई करू नका. पहिले काही महिने मुलाला बोल तोंडाने म्हणू द्या आणि मांडीवर हाताने वाजवू द्या. चांगले गुरुजीही सुरुवात अशीच करून घेतात. भजनी ठेका तोंडी पक्का झाला की मग वाद्यावर हात ठेवायचा. तुमच्या भागातल्या एखाद्या विठ्ठल मंदिरात भजनी मंडळ असेलच. आठवड्यातून एकदा तिथल्या पखवाजाशेजारी त्याला बसवा, वाजवायला नाही मिळाले तरी हरकत नाही, डाव्या बाजूची कणीक कशी लावतात आणि शाई ओली होऊ नये म्हणून काय जपतात ते तो पाहील. घरी हरिपाठाला मोठे टाळ नकोत, लहान चिपळ्या पुरेत, आणि बाळाची झोपेची वेळ शेजारच्या ताईंना आधी विचारून घ्या. त्यांना हरिपाठाला बोलवा; त्या आल्या तर बाळालाही आवाजाची सवय होईल. पखवाज घ्यायची वेळ आली की मला कळवा, नवा घेण्यापूर्वी जुना, चांगल्या खोडाचा मिळतो का ते आपण दोघे पाहू.